गुडघ्यावर बसलेल्या माणसाला उठवलं तेव्हा

अमेरिकेत फिलाडेल्फियात सेंट जॉर्ज म्हणून एक जुनं मेथडिस्ट चर्च आहे, मागच्या शनिवारी तिथे गेले आणि अजून ते डोक्यातून जात नाहीये. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे काळे लोकही उपासनेला यायचे, गॅलरी बांधायला त्यांनी स्वतःचे पैसेही घातले होते, आणि एका रविवारी ऐन प्रार्थनेत त्यांच्यातल्याच अ‍ॅब्सलम जोन्सना चर्चच्या गोऱ्या विश्वस्तांनी गुडघ्यावरून ओढून उठवलं, ही तुमची जागा नाही म्हणून. प्रार्थना तरी संपू द्या, असं जोन्स म्हणत होते हो! मग सगळे काळे सभासद उठून बाहेर पडले. त्यांच्यातलेच रिचर्ड अ‍ॅलन, जे स्वतः गुलामगिरीत जन्मले आणि पैसे भरून सुटले, त्यांनी 1794 मध्ये बेथेल चर्च उभं केलं, 1816 मध्ये वेगळा पंथच झाला. बेथेल उभं राहायच्या आदल्याच वर्षी, 1793 ला, शहरात पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा याच अ‍ॅलन आणि जोन्सनी आपली माणसं गोळा करून गोऱ्या आजाऱ्यांची शुश्रूषा केली, प्रेतं उचलली. हे वाचताना मला रडूच आलं.

दोन्ही चर्चमध्ये पायी अर्ध्या तासाचंही अंतर नाही, पण बेथेलची मंडळी रविवारच्या उपासनेसाठी सेंट जॉर्जला परत आली ती थेट 2009 मध्ये!

मी नगरची, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत ख्रिस्ताच्या आठवणीत घेतात त्या द्राक्षरसाचा, एकच प्याला सगळ्या जातींतून आलेल्यांनी तोंडाला लावायचा यावरून आपल्याकडे किती घरं तुटली ते आजीकडून ऐकलंय, आणि तरी लग्न जमवताना मूळची जात हळूच विचारतातच ना? म्हणून अमेरिकेतल्या लोकांना शिकवायला मी जात नाही, पण इथे मी आधी ज्या चर्चला जायचे तिथे वेबसाइटवर सगळ्या रंगांचे चेहरे आणि कमिटीत मात्र सगळे गोरे, पैसे कुठे खर्च करायचे ते तेच ठरवणार, याला एकी कसं म्हणायचं? मला वाटतं बोलावणं सोपं असतं, सगळे या म्हणायचं की झालं, खरं तर आपण उठून दुसऱ्याच्या दारी जायला हवं आणि तिथे माइक न मागता मागे बसायला हवं.

आताच्या आमच्या चर्चने तेच केलं. एका काळ्या मंडळीकडे आम्ही पंधराएक जण नुसते उपासनेला गेलो, अडीच तास चालली. मला गाणं सापडेना तर शेजारच्या आजींनी आपलं गीतांचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि शेवटपर्यंत ओळीखाली बोट फिरवत राहिल्या, त्यांना स्वतःला सगळं पाठ होतं.

पुढच्या महिन्यात ते आमच्याकडे येणार, उपदेश त्यांचे पाळक करणार, आणि दोन्हीकडचं दान एकत्र करून कुठे द्यायचं ते दोन्ही कमिट्या एका टेबलावर बसून ठरवणार आहेत. काल मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं की पाहुण्यांसाठी पुढच्या तीन रांगा राखून ठेवायच्या का. मी म्हटलं, एकही राखू नका, ज्याला जिथे बसायचं तिथे बसू दे.