शेवटचा फर्मा

डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावायच्या धंद्यात बावीस वर्षं झाली, आणि कोल्हापुरात बसलोय म्हटल्यावर माजी सैनिकाचं हस्तलिखित वर्षातून दोन-तीनदा येतंच. हे मेजर म्हणजे खरं तर रिटायर हवालदार, पण आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येकजण मेजरच. मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन, जंगी पलटण. १९७१ ला जमालपूरला होते, आता ते बांगलादेशात.

जमालपूरचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर पाकिस्तानी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदनं उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून धाडली, वर लिहिलं की पुढच्या वेळी हातात पेन नको, स्टेनगन दिसू दे. मला वाटलं मेजर यावर दहा पानं तरी लिहितील. एक परिच्छेद! आणि १० डिसेंबरच्या त्या रात्रीवर फक्त दोन ओळी, वेगवेगळ्या:

ते रात्री फोडून बाहेर पडायला आले.
आम्ही रस्त्यावर होतो.

पुढं चार पानं भिजलेले मोजे आणि लंगरचा चहा. संपादकसाहेबांनी 'लंगर'चं 'भोजनगृह' केलेलं, ते मी गुपचूप परत लंगर केलं. असली शुद्ध मराठी करणाऱ्यांना एक महिना लंगरला पाठवायला पाहिजे.

तर प्रकाशकाला १२८ पानंच हवी होती, म्हणजे सोळा-सोळा पानांचे आठ फर्मे. छपाईचा खर्च मेजरच्याच पेन्शनमधनं, पण नववा फर्मा नको म्हणे. लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, १६ चं साडेपंधरा केलं, परिच्छेदांच्या शेवटी एकेक शब्द लोंबत होते ते वर ओढले, तरी एक ओळ काही बसेना. शेवटच्या पानावर परत न आलेल्यांची यादी होती, त्यात एक नाव दोनदा. प्रूफवाल्यानं एकावर काट मारून 'द्विरुक्ती' लिहिलेलं, आणि नावांपुढचे दोन-दोन आकडे त्याला फालतू वाटले म्हणून तेही काटलेले. मला ओळच पाहिजे होती. उडवली.

मेजर फायनल बघायला आले ते थेट शेवटचं पान उघडून बोटानं मोजायला लागले.

"एक कमी हाय."

"मेजर, एक नाव डबल पडलं होतं."

"डबल न्हाई. दोघं होते."

पलटणीत एकाच नावाची चार-चार माणसं, मग आर्मी नंबरचे शेवटचे दोन आकडे हीच हाक. चाळीस आणि सदुसष्ट.

"सदुसष्टला काढलास तू."

मी नाव परत टाकलं, आकडेही टाकले, आणि विचारलं की आता दुसरी कुठली ओळ काढू, कारण मशीनवाला खोळंबलेला आणि प्रकाशकाचे फोनवर फोन. मोज्यांच्या चार पानांतली कुठलीही चालली असती. त्यांनी चष्मा लावला, पानं मागं मागं उलटत गेले आणि 'आम्ही रस्त्यावर होतो' वर पेननं आडवी रेघ मारली.

मी काहीच बोललो नाही, बोलायला पाहिजे होतं का तेच कळत नाही. पुस्तक छापून आलं. ती ओळ माझ्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाईलीत आहे, अजून डिलीट केली नाही.