मड टायरवर समृद्धी: जिप्सीने ठाणे ते नागपूर

माझी मारुती जिप्सी, म्हणजे जीपसारखी गाडी, चिखलासाठी ठेवलेली आहे. पावसाळाभर ती मुरबाडच्या बाजूला ओढ्यातून, दगडधोंड्यातून फिरते आणि एरवी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. डिसेंबरात आतेबहिणीचं लग्न नागपूरला निघालं. घरच्यांनी रेल्वेची तिकिटं काढली, मी म्हटलं, मी गाडीने येतो. "ह्या गाडीने?" आईने विचारलं. हो, ह्याच. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून भिवंडीजवळच्या आमण्याहून थेट नागपूर गाठता येतं, 701 किलोमीटर. चिखलातली गाडी एवढा पल्ला नीट मारू शकते का, हे मला बघायचंच होतं.

खरं काम ठाण्यात झालं. 1.3 लिटरचं, 80 अश्वशक्तीचं इंजिन दिवसभर चालतं, त्याची काळजी नव्हती. काळजी चाकांची. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजवाल्या काकांनी सगळ्यात आधी चाकं काढायला लावली. रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून विटेसारखा बसला होता. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तेव्हा एका चाकातून ओंजळभर ढेकळं निघाली. हे वजन एका बाजूला राहिलं तर सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं, आणि पुढे अख्खा अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत ती थरथर वाढत जाते. चाकं धुऊन बॅलन्सिंग केलं, टाय रॉड एंड आणि किंगपिन बेअरिंग (चाक वळवणारे सांधे) तपासली, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलले. टायरच्या कडेवरचे चार आकडेही बघून घेतले: टायर कधी बनला ते त्यातून कळतं, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुनं रबर वरून चांगलं दिसतं, पण तापलं की दगा देतं.

"दादा, हवा विसरू नका," काका म्हणाले. चिखलात मी टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवतो. तेवढ्यावर हायवेला पळवलं तर टायरची कड सतत दबते, तापते आणि फुटते. निघायच्या सकाळी टायर थंड असतानाच 28 भरली. वाटेत ती आपोआप वाढलेली दिसते, तेव्हा घाबरून सोडायची नाही.

पुढच्या चाकांच्या मध्यावरचे हब फिरवून 'फ्री'वर आणले, म्हणजे पुढचा शाफ्ट उगाच फिरत राहत नाही. फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद, तर कोरड्या रस्त्यावर लावायचीच नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत आणि जिप्सीत हा फरक सांभाळणारं डिफरन्शियल मध्ये नाही, त्यामुळे सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

स्पीडोमीटरचा हिशेबही करून ठेवला. कंपनीचा टायर 205/70 आर 15, माझा 215/75 आर 15, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरने उंच. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी खरं तर 84ने पळत असते. फोनच्या जीपीएसवर ताडून बघितलं, तंतोतंत जुळलं.

अ‍ॅरिझोनात असलेला माझा कॉलेजचा मित्र साइड-बाय-साइडला (शेजारी-शेजारी बसायची, चिखल-मातीत पळवायची छोटी उघडी गाडी) नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवतो. तिथे तशी परवानगी मिळते. आपल्याकडे ही वाहनं ट्रेलरवर चढवूनच मैदानात येतात. त्यांच्यात गिअर बदलण्याऐवजी रबरी बेल्टवर चालणारं सीव्हीटी हे आपोआप वेग जुळवणारं यंत्र असतं आणि लांब पल्ल्याला तो बेल्ट तापणं हीच खरी भीती. मित्र जास्तीचा बेल्ट सोबत ठेवतो, एकाच वेगाला तासन्‌तास चिकटून राहत नाही आणि अधूनमधून थांबतो. माझ्या गाडीत बेल्ट नाही, पण टायर आणि बेअरिंग आहेत. त्याचा सल्ला जसाच्या तसा घेतला.

पहाटे माजिवड्याहून निघालो. सोबत धाकटा भाऊ. इगतपुरीचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा मड टायरच्या आवाजाने भरून गेला. ताडपत्रीच्या गाडीत तो आवाज थेट छातीत बसतो. बोगद्याबाहेर पडेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. पुढच्या प्रवासासाठी दोघांनी कानात बोळे घातले आणि ते शेवटपर्यंत काढले नाहीत. आवाजानेच माणूस सगळ्यात जास्त थकतो, असं मी आता ठामपणे सांगेन.

मोटारींना समृद्धीवर 120ची मर्यादा आहे. मी खऱ्या 80वर राहिलो, डाव्या लेनमध्ये, ट्रकांच्या जोडीने. जिप्सीला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, मड टायरची सिमेंटवर पकड कमी, म्हणून पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. समोरून वारा आला की पाचवा गिअर ओढत नाही. अशा वेळी एक्सलरेटर दाबत बसण्यापेक्षा सरळ चौथा टाकायचा.

दर थांब्याला भाऊ चारही चाकांच्या हबजवळ हाताचा मागचा भाग नेऊन बघायचा. जालन्याला मुक्काम होता, तिथे उतरल्यावर पुढचं डावं हब बाकी तिघांपेक्षा गरम लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने उघडलं तर बेअरिंगमधलं ग्रीस पाण्यात मिसळून दुधाळ झालेलं. पावसाळ्यात ओढ्यात उतरवलेल्या गाडीचं असं होतंच. साफ करून नवं ग्रीस भरलं, नट बेताने आवळला. पुढच्या थांब्याला चारही हब सारखीच कोमट.

हळदीच्या संध्याकाळी नागपुरात पोहोचलो. कान वाजत होते, खांदे भरून आले होते, पण गाडीचा एक नटही सैल नव्हता. परतीच्या आधी उजवं हबही उघडून ग्रीस बदलून घेतलं. आता रिमचा दुसरा जोड शोधतोय. त्यावर हायवेचे टायर चढवायचे आणि मड टायर पावसाळ्यापुरते ठेवायचे. जिप्सीचे मूळ 15 इंची रिम ठाणे-कल्याण पट्ट्यात कुणाकडे पडून असतील तर जरूर कळवा.