भाग तीन आणि चारच्या मधे नक्की काय घडलं?

मी सबटायटलं लिहिते. परभाषेतल्या मालिका बघताना खाली मराठीत दोन ओळी येतात ना, त्या. सहा वर्षं झाली या कामाला, आणि एवढ्या वर्षांत कुठली मालिका लोकांना आवडली, कुठली नाही, याच्याशी माझा कधी संबंधच आला नाही. कारण सबटायटलवाल्याबद्दल लोकांचं मत दोनच वेळा होतं, एक म्हणजे चूक झाली की आणि दुसरं म्हणजे फारच मोठी चूक झाली की.

तर ही दुसऱ्या प्रकारातली गोष्ट.

मालिकेचं नाव सांगत नाही, करारच तसाय. इंग्रजी पोलिसी मालिका, आठ भाग, दर आठवड्याला एक. एक तरुण अधिकारी बाई आणि तिचा निवृत्तीला टेकलेला वरिष्ठ, दोघं मिळून एक जुनी केस परत उघडतात. इथे त्यांना 'ती' आणि 'सर' एवढंच म्हणते. पहिले तीन भाग दुसऱ्या एका सहकाऱ्याने केले, चौथ्यापासून माझ्याकडे आले. पाचवा भाग येऊन चार दिवस झाले होते, सहावा मी आधीच पाठवून दिला होता, आणि मंगळवारी सकाळी सकाळी आत्याचा फोन.

"अगं, त्या पोलिसवाल्या मालिकेत ती आणि तो सर, त्यांचं जमलं का गं?"

मी म्हटलं, कुणाचं? आत्याला मी हे काम करते ते माहितीये पण नेमकी कुठली मालिका ते सांगता येत नाही, त्यामुळे मला दर वेळी वेड पांघरावं लागतं. म्हटलं नाही गं आत्या, तसं काही नाहीये त्यांच्यात.

"तुला काय माहीत? तू नीट बघितलीस का?"

आता काय सांगणार, एकेक वाक्य चार-चार वेळा थांबवून बघितलंय बाई मी. पण आत्याचं सुरूच. तीन भागांपर्यंत कशी छान चालली होती, आता मधलं काही दाखवतच नाहीत, एकदम पुढचंच सुरू करतात, मला तर वाटतं एक अख्खा भाग गाळलाय. मी हसून सोडून दिलं. आत्याला बातम्यांमधे पण काहीतरी गाळल्याचा संशय असतो.

पण दुपारी मैत्रिणींच्या ग्रुपवर बघते तर तोच विषय! एकीचं म्हणणं, तिसऱ्या भागाच्या शेवटी लिफ्टचं दार बंद होताना सर तिच्याकडे बघतात ते साधं बघणं नाहीच. दुसरीने तर दुसरा भाग परत लावला आणि सांगितलं की तेव्हा सरांच्या बोटात अंगठी होती, चौथ्यात नाहीये, म्हणजे घटस्फोट झाला असणार. तिसरीला ते मुळीच आवडलेलं नव्हतं, तिच्या मते चांगल्या चाललेल्या मालिकेत उगाच प्रेम घुसवलं आणि बाईमाणूस दिसली की लेखकांना दुसरं काही सुचतच नाही. (हे मत एरवी मीही दिलं असतं, तावातावाने.) आणि चौथी, जी सबटायटल न लावता नुसतं इंग्रजी ऐकून बघते, ती बिचारी एकटीच विचारत होती की बायांनो तुम्ही कुठली मालिका बघताय नक्की, ते बाप-लेकीसारखे आहेत! तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. तुझं लक्ष नसतं बघताना, म्हणे.

मला तोपर्यंत मजाच वाटत होती हो. आठवड्याला एक भाग सोडला की हे व्हायचंच. २०१३ मधे नेटफ्लिक्सने हाउस ऑफ कार्ड्सचे सगळे भाग एकाच दिवशी सोडले तेव्हापासून रात्रभर जागून एका दमात संपवायची सवय लागली, त्यात शंका यायच्या आत पुढचा भाग सुरू झालेला असतो. पण सात दिवस थांबायचं म्हटलं की माणूस अंगठ्या मोजायला लागतो. मी ग्रुपवर एक हसरा चेहरा टाकला आणि कामाला बसले.

साडेतीनला आमच्या समन्वयक बाईंचा मेल. त्या फार गोड लिहितात, त्यामुळे जास्त भीती वाटते. प्रेक्षकांचे अभिप्राय असतात ना, ॲपमधे अडचण कळवायची सोय असते त्यातून आलेले, त्याची शीट जोडलेली आणि वर दोनच वाक्यं. 'भाग गाळलाय, दृश्य कापलंय अशा बऱ्याच तक्रारी आल्यात. सगळ्या मराठी सबटायटल लावणाऱ्यांच्या आहेत, बाकी कुठल्याच भाषेतून नाहीत, तुम्हाला काही कल्पना आहे का?'

बाकी कुठल्याच भाषेतून नाहीत. तिथे पोटात गोळा आला.

शीट उघडली. बरेचसे अभिप्राय आत्याच्या वळणाचे, 'मधला भाग का काढला', 'पैसे पूर्ण घेता मग मालिका अर्धी का दाखवता', एकाने तर नुसतंच 'लपवू नका' असं लिहिलेलं. आणि मग एक लांबलचक होता, कुणाचा ते माहीत नाही, शीटमधे नावं नसतात. त्याचा मतलब असा होता की चौथ्या भागात दवाखान्याच्या जिन्यावर ती सरांवर चिडते आणि एकदम एकेरीवर येते ते पटलं, माणूस चिडला की येतोच एकेरीवर. पण पाचव्यात ती शांतपणे माफी मागायला जाते, तेव्हाही 'मला माफ कर' म्हणते. चिडून तू म्हणणं वेगळं आणि शांतपणे तू म्हणणं वेगळं, दुसरं आपण कुणाला म्हणतो ते सगळ्यांना माहितीये, तेव्हा मधे काहीतरी झालंय आणि ते आम्हाला दाखवा.

मी ते तीनदा वाचलं आणि माझीच फाइल उघडली.

आता हे जरा सांगावं लागेल. इंग्रजीत सगळ्यांना यू. बापाला यू, साहेबाला यू, चोराला यू. त्यांच्याकडेही एकेकाळी दाऊ होतं जवळच्यांना म्हणायला, ते रोजच्या बोलण्यातून कधीच गेलं. फ्रेंच-जर्मनवाल्यांकडे आहेत दोन वेगवेगळे शब्द, आपल्याकडे तर तू, तुम्ही आणि वर आपण. शिवाय क्रियापदही बदलतं, त्यामुळे लपवायला जागाच नाही. म्हणून प्रत्येक मालिकेचा एक तक्ता असतो, नावं कशी लिहायची आणि कोण कोणाला अरे-तुरे, कोण कोणाला अहो-जाहो. आमच्या तक्त्यात स्वच्छ लिहिलं होतं, सर तिला 'तू', ती सरांना 'तुम्ही'. मी वाचलाही होता तो.

जिन्यावरचा सीन मात्र मी मुद्दाम फिरवला होता. तिचा जोडीदार मरता मरता वाचलाय, सरांनी तिच्यापासून एक गोष्ट लपवलेली, आणि ती अशी काही ओरडते की तिथे 'तुम्हाला कळतंय का' लिहिलं असतं तर शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक वाटलं असतं. मी लिहिलं, 'तुला कळतंय का काय केलंस तू?' लिहिल्यावर स्वतःवरच खूश झाले होते, खोटं कशाला बोलू.

आणि मग परत यायचं विसरले.

एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचवा भाग घेतला, डोळ्यांसमोर आदल्या दिवशीच्या शेवटच्या ओळी, त्यात तू, कानालाही तू बसलेला, आणि हात चालू लागला. त्यातून तू हा शब्द फार सोयीचा आहे. आमच्याकडे ओळीला ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, जास्तीत जास्त सात सेकंद, आणि पात्रं भराभर बोलतात तेव्हा दीड सेकंदात वाचून होईल एवढंच लिहायचं. 'तुम्ही मला आधी सांगायला हवं होतंत' पेक्षा 'तू आधी सांगायचंस' किती सुटसुटीत! तपासणाऱ्याने काळ-वेळ तपासली, शुद्धलेखन तपासलं, व्याकरण तर बरोबरच होतं, पास. पाचव्या आणि सहाव्या भागात मिळून मला असे एकवीस तू सापडले.

पण खरा घोटाळा पुढेच आहे, तो मला फाइल बघताना कळला. ती प्रत्येक दोन वाक्यांनी सरांना सर म्हणते. ते मी गाळलं होतं, कारण कानाला ऐकू येतंच, कशाला अक्षरं खर्च करा. लिहिलं असतं तर 'सर, तू' असं दिसलं असतं आणि मी तिथेच जागी झाले असते. आता प्रेक्षकाच्या बाजूने बघा, कानावर येतंय सर आणि खाली लिहून येतंय तू. म्हणजे चारचौघांत सर, आणि आत काहीतरी वेगळंच! मीही बघणारी असते तर अंगठी मोजली असती.

समन्वयक बाईंना फोन केला आणि सरळ सांगून टाकलं, चूक माझी आहे. त्या दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाल्या, "म्हणजे एवढी सगळी लव्ह स्टोरी तुमची आहे?" हसल्या तरी म्हणाल्या की रात्रीपर्यंत दोन्ही फाइली द्या, सहावा तर अजून लोकांनी बघितलेलाच नाहीये तेवढं नशीब. व्हिडिओला हात लावावा लागत नाही, वेळेचे आकडे आणि त्यापुढे मजकूर एवढीच ती फाइल असते, जुनी काढून नवी ठेवायची. ऐकायला सोपं आहे. पण एका तू चा तुम्ही केला की ओळ फुगते, ओळ फुगली की तुटते, तुटली की वाचायला वेळ पुरत नाही, मग अख्खं वाक्यच नव्याने बांधायचं. एकवीस वाक्यांना माझे साडेपाच तास गेले.

मधे पहिल्या तीन भागांवाल्या सहकाऱ्याला कॉल लावला. मी म्हटलं जिन्यावरचं पण तुम्ही करून टाकते, झंझटच नको. तो म्हणाला अजिबात नको, ते ठेव, ते बरोबर आहे, उलट माफीच्या सीनमधे तिला तुम्ही वर परत आण आणि मग बघ. त्याला स्क्विड गेम ही कोरियन मालिका आठवली. २०२१ मधे ती आली तेव्हा कोरियन येणाऱ्यांनी इंग्रजी सबटायटलांवर बरीच टीका केली होती, त्यात एक असं होतं की अली आधी सांग-वूला साहेब अशा अर्थाने हाक मारतो आणि मग सांग-वू त्याला म्हणतो मला ह्यॉंग म्हण, म्हणजे मोठा भाऊ, आणि इंग्रजीत उरलं काय तर नुसतं नाव. नातं बदलल्याचं खालच्या ओळीत कळतच नाही. सहकारी म्हणाला, त्यांच्याकडे बदललेलं नातं सबटायटलात दिसलं नाही आणि तू न बदललेलं दाखवलंस, जरा तरी अभिमान बाळग! मला रडू यायच्या बेतात होतं, तिथे हसू आलं.

पण माफीचा सीन त्याने सांगितला तसा केला. 'मला माफ कर' च्या जागी 'माफ करा, सर. चुकलं माझं.' आणि लावून बघितला तर काय सांगू, तो सीन माझ्या आधीच्यापेक्षा चांगला झाला म्हणणं सोडाच, मला तर वाटलं मुळापेक्षाही चांगला झाला. ती तुम्ही वर परत येते तीच अर्धी माफी आहे. इंग्रजी बघणाऱ्यांना ते मिळतच नाही. हे मी समन्वयक बाईंना सांगितलं नाही, त्या दिवशी तेवढी अक्कल शाबूत होती.

रात्री अकराला फाइली गेल्या, दोन दिवसांत बदलल्याही. मला वाटलं संपलं.

शनिवारी आत्याचा फोन. आवाज एकदम खाली आणलेला.

"अगं, मी पाचवा परत लावला, मावशीला दाखवायला. आता ती तुम्ही म्हणतेय! बदललं गं त्यांनी. लोकांना कळलं म्हणून झाकतायत."

ग्रुपवर पण तेच. एकीकडे आधीच्या भागाचा फोटो काढलेला होता 'मला माफ कर' वाला, दुसरीने नवीन काढला, दोन्ही शेजारी शेजारी लावून खाली लिहिलेलं, पुरावा. इंग्रजीवाली मैत्रीणसुद्धा आता डळमळली होती, म्हणाली असं का बदलतील पण उगाच. मी करारामुळे गप्प, आणि करार नसता तरी गप्पच बसले असते म्हणा.

सातवा गेला, मग शेवटचा भाग माझ्याकडे आला. मी तक्ता छापून स्क्रीनला चिकटवला होता. शेवटून दुसरा सीन, सरांचा कामावरचा शेवटचा दिवस, खोकं भरतायत, आणि तिला म्हणतात, आता ते सर म्हणणं बंद कर. ती हसते आणि म्हणते, बरं, सर.

त्यानंतर तिची चार वाक्यं आहेत. चारही वाक्यांत यू. त्या चार वाक्यांसाठी मी दीड तास बसले. तू लिहून बघितलं, छान वाटत होतं, खरंच छान वाटत होतं, त्यांनी स्वतःच तर परवानगी दिलीये ना तिला. मग आत्या डोळ्यांसमोर आली आणि मी चारही ठिकाणी तुम्ही केलं. ती शेवटी सर म्हणालीच आहे म्हटलं, तर आपण कोण.

भाग आला त्या रात्री आत्याचा मेसेज. एकच ओळ.

"बघितलास? शेवटपर्यंत कबूल नाही केलं त्यांनी."