प्राइम डायरेक्टिव्हची वही : कर्क संपला, पिकार्ड सुरू

परग्रहांवरील संस्कृतींच्या विकासात ढवळाढवळ करायची नाही, हा 'स्टार ट्रेक'मधील नियम म्हणजे प्राइम डायरेक्टिव्ह. या विज्ञानकथा मालिकेतील ज्या भागांत त्याचा पेच येतो, ते प्रसारणाच्या क्रमाने पुन्हा पाहून टिपणे काढण्याचा माझा उपक्रम कॅप्टन कर्कची मूळ मालिका ओलांडून कॅप्टन पिकार्डच्या 'नेक्स्ट जनरेशन'च्या तिसऱ्या सीझनपर्यंत आला आहे. नियम पाळला की मोडला, या नोंदीला आता 'त्यानंतर कॅप्टनने काय केले' हा रकाना जोडला असून वादाला खरे खाद्य तिथेच मिळते.

'द रिटर्न ऑफ द आर्कन्स'मध्ये (१९६७) कर्कचा सहकारी अधिकारी स्पॉक नियमाची आठवण करून देतो, तेव्हा हा नियम जिवंत, वाढत्या संस्कृतीसाठी आहे असे म्हणून कर्क तिथल्या लोकांवर सत्ता गाजवणाऱ्या लँड्रू या संगणकाला वादात हरवून नष्ट करतो. मात्र जाताना समाजशास्त्रज्ञ लिंडस्ट्रॉमला मागे ठेवतो, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. 'द ॲपल'मध्येही तो लोकांवर सत्ता गाजवणारे यंत्र नष्ट करतो, पण तिथे एवढीही तसदी नाही.

फेब्रुवारी १९६८ मध्ये, व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना, प्रसारित झालेला 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' मात्र या सर्वांहून अस्वस्थ करणारा आहे. शत्रुपक्षाच्या क्लिंगनांनी एका ग्रहावरील गावकऱ्यांना चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणाऱ्या जुन्या धर्तीच्या बंदुका पुरवल्या आहेत, म्हणून टेकडीवरच्या लोकांनाही तशाच आणि तेवढ्याच द्याव्यात, असा तोल कर्क काढतो. जहाजाचा डॉक्टर मॅकॉय संतापतो, पण त्याच्याकडेही दुसरा तोडगा नसतो. इथे मालिकेने कर्कला विजयी वीर म्हणून परत पाठवलेले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

पिकार्डची तऱ्हा वेगळी. 'सिम्बायोसिस'मध्ये (१९८८) ज्या औषधासाठी ऑर्नारा ग्रहाचे लोक शेजारच्या ब्रेक्का ग्रहावर अवलंबून आहेत, ते निव्वळ व्यसन आहे हे कळूनही तो नियमाकडे बोट दाखवून गप्प राहतो आणि त्याच नियमाच्या आधारे ऑर्नाराच्या जहाजांसाठी देऊ केलेले सुटे भागही नाकारतो, त्यामुळे तो व्यापार आपोआप बंद पडणार हे उघड असते. नियमाच्या चौकटीत राहून साधलेला हा हस्तक्षेपच होय, असे माझे मत आहे.

'हू वॉचेस द वॉचर्स'मध्ये (१९८९) एका मागास ग्रहावरचे मिंटाकन लोक पिकार्डला देव मानू लागतात, तेव्हा तो त्यांची प्रमुख नुरिया हिला जहाजावर आणून उपचार चालू असतानाच दगावणारी रुग्ण दाखवतो. तरीही तो देव नाही अशी लिको या मिंटाकनाची खात्री पटते ती बाण खांद्यात रुतून पिकार्डचे रक्त वाहिल्यावरच. झालेली हानी निस्तरण्यासाठी कॅप्टनने स्वतः जीव धोक्यात घातल्यामुळे नव्या रकान्यातील सर्वांत लांब नोंद सध्या याच भागाची आहे. पुढचा क्रमांक १९९१ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'चा.