हिरवळीवरचं टॉनिक: एम.एस्सी.च्या प्रयोगाचा माझा अनुभव

एम.एस्सी. हॉर्टिकल्चरला बॅचमधल्या बाकीच्यांना डाळिंब, गुलाब, आंबा असे विषय मिळाले. माझ्या वाट्याला आलं गवत! लॉनवरचं बर्म्युडा, म्हणजे बांधावरच्या हरळीचीच मऊ नातलग. समुद्री शेवाळाचा अर्क, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून मिळणारं ह्युमिक ॲसिड आणि युरिया यांनी त्याची वाढ आणि गुणवत्ता किती सुधारते, हे बघायचं होतं.

नत्राच्या कमी-जास्त मात्रा, प्रत्येकीबरोबर शेवाळ, ह्युमिक किंवा नुसतं पाणी. एक चौरस मीटरचे वाफे, मध्ये मोकळी पट्टी, कुठला वाफा कुणाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र म्हणजे जेमतेम ११ ग्रॅम युरिया. चिमूटभर खत मीटरभर सारखं पसरणार कसं? मी वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या, प्रत्येकीत चाळलेली कोरडी वाळू मिसळली आणि निम्मी उभी, निम्मी आडवी फेकली. लगेच पाणी द्यायचं, नाहीतर पात्यांची टोकं करपतात.

सुरुवातीलाच गाइड सरांनी विचारलं, "बाटलीत स्वतःचं खत किती आहे?" बाजारातलं ह्युमिक बहुधा पोटॅशियम ह्युमेट असतं, शेवाळाच्या अर्कातही पालाश, म्हणजे पोटॅशियम, असतो. म्हणजे फरक दिसला तरी तो वाढीला चालना देणाऱ्या उत्तेजकाचा की पालाशचा? म्हणून नुसत्या पाण्याच्या वाफ्यांनाही तेवढा पालाश दिला. २०२१ मध्ये अशी जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली खरी, पण दुकानात त्यांना अजून सगळे टॉनिकच म्हणतात.

युरियाचा परिणाम लपत नाही. कंट्रोलचे, म्हणजे युरिया न दिलेले, वाफे पिवळट आणि शेजारचे गडद हिरवे. कातरलेलं गवत वाफ्यागणिक वेगळ्या पिशवीत भरून ७० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवलं, तर जास्त नत्राच्या पिशव्या हाताला सरळ जड लागायच्या. गुणवत्तेला १ ते ९ गुण, ६ च्या खाली नापसंत. गुण देणाऱ्यांना वाफ्यात काय टाकलंय ते सांगायचं नाही. माळीकाकांनी मात्र सगळ्यात दाट वाढलेल्या वाफ्याला गुण कापले. "ताई, ह्याला सारखं मशीन फिरवावं लागतं. ह्याला चांगलं कसं म्हणू?" मला ते पटलं, लॉनला चाऱ्याचा हिशेब लावून चालत नाही.

शेवाळ-ह्युमिकच्या रकान्यांत बहुतेक ठिकाणी 'एनएस' (नॉन-सिग्निफिकंट, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नाही) आलं. फक्त कमी नत्र आणि उन्हाळ्यात पाणी तोडलेलं, अशा वाफ्यांत शेवाळाचा अर्क दिलेल्या गवताचा रंग थोडा जास्त टिकला. पुरेसं नत्र होतं तिथे तोही फरक बुजला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग सोसायटीच्या बागेला काय सांगाल?" मी म्हटलं, आधी माती तपासा, नत्र थोडं थोडं विभागून द्या, आणि पैसे उरले तर शेवाळ एप्रिल-मेसाठी ठेवा.