किसमूर आणि सर्वानुमत

रविवार, रात्र

गोव्यातल्या आमच्या सहा बिऱ्हाडांच्या सामायिक घराची आजची बैठक जेवणानंतर सुरू झाली ती चहाची वेळ टळून गेली तरी संपेना. विषय काय, तर सामायिक स्वयंपाकघरात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे भाजून केलेली कोशिंबीर, करायची की नाही.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी. म्हणून काकूंनी मे महिन्यातच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवलं: सुंगटं, खारे बांगडे, सोलं. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या लावलेल्या, आणि तव्यावर सुंगटं पडली की वास राजांगण ओलांडून थेट माडीवर. पुण्याहून आलेलं जोडपं दूधसुद्धा घेत नाही. त्यांचं डोकं चढतं, आणि ते नाटक करतात असं मला तरी वाटत नाही. काकू म्हणाल्या, "श्रावण मी पाळतेच. पण आषाढात पण उपाशी ठेवताय की काय?"

आमच्याकडे हात वर करून मतदान नाही. सगळ्यांना पटलं तरच ठराव. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात ज्याला सोमवारी सकाळी पणजीची बस पकडायची नसते, तो जिंकतो. पटून दिलेला होकार आणि कंटाळून दिलेला होकार वहीत एकाच शाईने लिहिला जातो.

इथे येणारे पाहुणे भारावून म्हणतात, तुम्ही काहीतरी नवीनच करताय. गोव्यात बसून हे ऐकायला गंमत वाटते. गावकरी, म्हणजे गावची जमीन एकत्र सांभाळणारी संस्था (पोर्तुगीज अमदानीतली कोमुनिदाद), इथे पोर्तुगिजांच्याही आधीपासून होती. १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, तिचे रीतिरिवाज लिहून काढले गेले. जमीन गावाची, शेतं पावणीवर (लिलावाने) द्यायची, आलेल्या पैशातून देऊळ, बांध, गावकाम भागवायचं आणि उरेल ते गावकरांत (गावच्या मूळ घराण्यांत) वाटायचं. खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतांचे) बांध आणि भरतीचं पाणी अडवणारी मानस अशीच सांभाळली गेली. अर्थात त्यात हक्क होता तो गावकरांच्या घरातल्या पुरुषांना. बाया आणि बाहेरून आलेले नुसते बघणार. ते मला नको. पण एक गोष्ट मान्य करावी लागते: बांधाला भोक पडलं तर सगळ्यांचीच शेतं खारी, त्यामुळे रुसून बसायची सोय नव्हती. आम्ही सहा बिऱ्हाडं हौसेने एकत्र आलोय. कुणाचं बिनसलं तर दोन महिन्यांची नोटीस दिली की मोकळं.

घराचा भाडेकरार एकाच्या नावावर आहे, हेही मला अधूनमधून टोचतं. विश्वास आहेच, पण पुद्दुचेरीजवळ १९६८ साली सुरू झालेल्या ऑरोविल या सामूहिक वसाहतीलाही मालमत्तेच्या भांडणातून जावं लागलं आणि शेवटी १९८८ मध्ये संसदेने कायदा केला. आपलं प्रेम काही त्यांच्याहून मोठं नाही. करार तीन जणांच्या नावे करा, असं मी परत सांगणार आहे.

मग राहतेस कशाला, असं आई फोनवर विचारते. मागच्या पावसात मला डेंगी झाला तेव्हा फळ्यावर कुणीतरी भांड्यांच्या पाळ्यांशेजारी माझं ताप मोजायचं वेळापत्रक लिहून ठेवलं होतं. पहाटेची पाळी त्या पुणेकराची. पेज आणायचा, वर मिठातली तोर (कैरी), आणि प्लेटलेट्सचा आकडा मला न दाखवता वहीत टिपायचा. फ्लॅटमध्ये एकटी राहत होते तेव्हा शेजाऱ्यांशी माझं कधी भांडण झालं नाही. त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं.

ठराव: मागच्या पडवीत चिऱ्यांची वेगळी चूल बांधायची, किसमूर तिथे. सगळ्यांना पटलं, काकूंना जरा कमी. पुढच्या रविवारचा विषय: चिऱ्यांचा खर्च सामायिक की काकूंचा.