72 तासांत काय होतं? जर्मनीतून मराठवाड्यातल्या तरुण संघांसाठी

इथल्या कॅथलिक तरुण संघटनांच्या महासंघाने 2013, 2019 आणि 2024 साली देशभर 72 तासांची सेवेची मोहीम घेतली. गुरुवारी संध्याकाळी 5 वाजून 7 मिनिटांनी सुरुवात, रविवारी त्याच मिनिटाला शेवट. ब्रीदवाक्य होतं, ‘आम्हाला स्वर्गाने पाठवलंय’. जालना, नांदेडच्या मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पोरापोरींना हे जमण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

गटाला दोन वाटा असतात. एकतर काम स्वतः ठरवायचं, नाहीतर स्थानिक समन्वय समितीकडून मोहीम सुरू होतानाच बंद पाकिटासारखं हातात घ्यायचं. आमच्या मते नव्या गटाने पहिली वाट धरावी. दुसरीत धमाल आहे, पण समितीने आधी जागामालकाची लेखी परवानगी, 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या सह्या आणि अवजारं यांची तजवीज केलेली नसेल तर पहिला दिवस फोनाफोनीतच जातो.

काम निवडताना ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच आधी विचारायचं. बेल्जियमचे फादर योसेफ कार्डाइन यांनी 1925च्या सुमारास कामगार तरुणांना हेच शिकवलं: पाहा, पारखा, करा. ‘पाहा’ गाळलं की वृद्धाश्रमाच्या अंगणात बाक येतो आणि उन्हात पडून राहतो, कारण आजी-आजोबा बसतात ती सावली दुसऱ्या कोपऱ्यात असते.

बाकाचंच घ्या. फळी रेशांच्या दिशेने घासायची, आधी 80 नंबरच्या आणि मग 120च्या पॉलिश पेपरने. स्क्रू टोकापासून दोन बोटं तरी आत घ्यायचा आणि आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर फळी टोकाला चिरते. तेलाचा पहिला हात शुक्रवारीच लागला पाहिजे, वाळल्यावर दुसरा. शनिवारी रात्री लावलेलं तेल रविवारी कपड्यांना लागतं. शिवाय इथे रविवारी करवत, ड्रिल यांचा आवाज चालत नाही. तो दिवस उपासना, झाडलोट आणि काम सोपवणं यांसाठी राखलेला बरा.

आणखी एक: चाळीस पोरं आणि सहा फावडी असली की गट मोडतो. स्वयंपाक, पाणी, सामानाची यादी हीसुद्धा सेवाच आहे, ती आधीच वाटून द्या.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 5 नंतरच काम. आणि काम कोणतं? शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने ते करून दाखवलेत, शिकायला लांब जायला नको. साधारण 4 फूट लांब, रुंद, खोल खड्डा. आत सिमेंटची टाकी, तिला वरच्या अंगाला भोकं. टाकीभोवती दगड भरायचे, वर झाकण. भोकं वर असतात म्हणून गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि फक्त पाणी बाहेर पडून मुरतं. भोकं खाली पाडली तर गाळ दगडांत शिरून खड्डा तुंबतो. सांडपाणी न्हाणीचं आणि मोरीचंच, संडासाचं अजिबात नाही. विहीर, हातपंपापासून लांब खणा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं; तो फार खोल असेल तर ती जागा सोडा.

दोघांचा एक दिवस एका खड्ड्याला धरा. ज्या घरची मोरी गल्लीत वाहते, त्या घरापासून सुरुवात करा, मग ते घर मंडळीतलं असो वा नसो. झाकण महिन्या-दोन महिन्यांनी उघडून गाळ कोण काढणार, हे त्या घराशी बोलून खणण्याआधीच ठरवा.